पणजीचे महापौर आणि पणजीकरांचा राग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत महापौर बदलले की लोक थोडे दिवस थांबून बघतात. मग पहिला जोराचा पाऊस पडतो, गटार तुंबतं, नळ कोरडा राहतो, आणि बाजारात, बसमध्ये, देवळाच्या आवारात एकच विषय निघतो. हे प्रश्न तिथूनच गोळा केले आहेत. उत्तरं पणजीत राहणाऱ्या माणसाने दिली आहेत, अधिकाऱ्याने नव्हे.

नवे महापौर येऊनही काही बदललं नाही. आम्ही उगाच चिडतोय का?

उगाच नाही. घरपट्टी भरणाऱ्या, कचरा वेगळा करून दारात ठेवणाऱ्या माणसाला शहर नीट चालावं असं वाटणं स्वाभाविक आहे. "आत्ताच तर आलेत, वेळ द्या" हे पहिले काही आठवडे मान्य करता येईल, त्यानंतर नाही. बहुतेक वेळा महापौर हे आधीचे नगरसेवकच असतात. शहराचे प्रश्न त्यांना नवे नसतात.

मात्र हा राग अनेकदा चुकीच्या दारावर जाऊन आदळतो. पाणी आलं नाही म्हणून महापौरांना शिव्या घातल्या, तर "पाणी आमच्याकडे नाही" असं ते म्हणणार, आणि ते खरंच असणार. गटार त्यांचंच असतं, पण या गोंधळात गटाराचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. या पानावरची सगळी उत्तरं त्यासाठी लिहिली आहेत.

महापौरांच्या हातात नेमकं काय असतं?

लोक समजतात त्यापेक्षा कमी, आणि महापौर सांगतात त्यापेक्षा जास्त.

पणजी महापालिका २००२ च्या कायद्याने स्थापन झाली. शहरात ३० प्रभाग आहेत. आपण मत देतो ते आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला. महापौर निवडतात ते हे नगरसेवक. म्हणजे महापौर आपण थेट निवडून दिलेले नसतात. निवडणूक पॅनेलवर लढवली जाते, आणि ज्या पॅनेलचं बहुमत त्याचा महापौर.

रोजचा कारभार आयुक्त बघतात. आयुक्त हा राज्य सरकारने पाठवलेला अधिकारी असतो. कामगारांना सकाळी कुठे पाठवायचं, फाईलवर सही कधी करायची, ठेकेदाराचं बिल कधी सोडायचं, हे त्यांच्या यंत्रणेतून चालतं. महापौर सभा चालवतात, कोणता विषय आधी घ्यायचा ते ठरवतात, अंदाजपत्रकात कोणत्या कामाला पैसा ठेवायचा यावर त्यांचा मोठा प्रभाव असतो. शिवाय सरकारदरबारी पणजीसाठी बोलणारा पहिला माणूस तेच असतात. हे शेवटचं काम कोणत्याही कलमात नीट लिहिलेलं नाही, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं तेच. पणजीकरांची खरी निराशा इथे आहे. अधिकार नसलेल्या विषयावरही महापौर उभे राहून बोलले, तर लोक त्यांच्या बाजूने उभे राहतात. गप्प बसले, तर ज्या कामांत त्यांचा दोष नाही त्यांचाही दोष त्यांच्यावर येतो.

मग पाणी, वीज, मलनिस्सारण, बस हे कोणाचं?

पाणी राज्य सरकारचं. पणजीला पाणी येतं ते ओपाच्या प्रकल्पातून, म्हणजे खांडेपार नदीवरून, फोंडा तालुक्यातून. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपार भागात महामार्गाच्या कामाजवळ मुख्य जलवाहिनी फुटली आणि पणजीसह अख्खा तिसवाडी तालुका कित्येक दिवस पाण्यासाठी टँकरच्या मागे धावला. ज्यांच्या घरी तेव्हा आजारी किंवा म्हातारी माणसं होती, त्यांना ते दिवस आजही आठवतात. त्या फुटलेल्या वाहिनीशी महापालिकेचा काही संबंध नव्हता. टँकर कोणत्या वाड्यावर आधी जायला हवा याची यादी करून ती सरकारच्या हातात ठेवणं मात्र कोणत्याही महापौराला जमण्यासारखं असतं.

वीज खातं राज्य सरकारचं आहे. वीज गेली की १९१२ वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. मलनिस्सारणाचा टोंका येथील प्रकल्प आणि त्याच्या वाहिन्याही सरकारी यंत्रणेकडे आहेत. बस कदंब महामंडळाची. वाहतूक पोलिसांकडे. रस्त्यांचं थोडं गुंतागुंतीचं आहे. मोठे रस्ते साधारणपणे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि आतले रस्ते महापालिकेकडे असतात. त्यामुळे खड्ड्याची तक्रार करताना "हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे?" हे आधी लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका, ते माणसागणिक बदलतं.

महापालिकेचं स्वतःचं म्हणाल तर कचरा, रस्त्यांची झाडलोट, पावसाळी गटारांची सफाई, बाजार, व्यवसाय परवाने, घरपट्टी, जन्म-मृत्यू नोंदणी, पालिकेची उद्यानं, पे पार्किंग. या यादीतल्या कामासाठी "आमच्याकडे नाही" हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

मी ताळगावात राहतो. पणजीच्या महापौरांकडे तक्रार करू का?

नाही. ताळगाव, मेरशी, सांताक्रूझ, चिंबल इथे पंचायती आहेत. तुमची तक्रार सरपंच आणि पंचांकडे. रायबंदर मात्र महापालिकेत येतं.

ही हद्द लोकांना खरी वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास होती, तर आजूबाजूचा भाग धरून पणजी नागरी समूहाची १ लाख १४ हजारांच्या वर. कामासाठी रोज शहरात येणारे वेगळेच. इतक्या माणसांची ये-जा आणि त्यांचा कचरा सांभाळायचा, आणि घरपट्टी फक्त हद्दीतल्या घरांची. पैशाची ही ओढाताण खरी आहे. महापौरांनी ती आकड्यांसकट लोकांपुढे मांडावी. लोक समजून घेतात.

स्मार्ट सिटीच्या खोदकामाला महापौर जबाबदार होते का?

पणजीची निवड स्मार्ट सिटी योजनेत २०१६ साली झाली. कामं करण्यासाठी 'इमॅजिन पणजी स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट लिमिटेड' ही स्वतंत्र कंपनी उभी केली गेली. देशभर हीच पद्धत होती. काम लवकर व्हावं म्हणून निवडून आलेल्या सभागृहाबाहेर कंपनी ठेवली, आणि नगरसेवकाला आपल्याच प्रभागात रस्ता कधी खणणार हे आधी कळेनासं झालं. आम्ही नगरसेवकांना विचारायचो, ते कंपनीकडे बोट दाखवायचे. कंपनीला मत मागायला कोणाच्या दारात यायचं नसतं.

मलवाहिन्या, केबल, रस्ते अशी कामं एकाच वेळी अनेक ठिकाणी काढली गेली. दुकानदारांच्या मालावर धूळ साचली, शाळकरी मुलं तोंडाला रुमाल बांधून गेली, सांतइनेजला घरातून बाहेर पडायचा रस्ताच दर आठवड्याला बदलायचा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं आणि २०२४ मध्ये न्यायमूर्तींनी स्वतः शहरात फिरून कामांची पाहणी केली. केंद्राच्या योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली.

तेव्हाच्या खोदकामाचा सगळा दोष महापौरांवर टाकणं अन्यायाचं होईल. पण आता जे नवे महापौर येतील त्यांच्यापुढे वेगळा आणि रोखठोक प्रश्न आहे: या कामांतून तयार झालेल्या वस्तूंची देखभाल कोण करणार? पदपथ, दिवे, कॅमेरे, गटारं, सायकलींचे मार्ग. कोणत्या कामाचा दोषदायित्व काळ कधी संपतो, म्हणजे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची मुदत कधीपर्यंत आहे, हे विचारा. ती तारीख उलटली की दुरुस्तीचा खर्च आपल्या माथी येतो. महापौरांनी महापालिकेकडे आलेल्या प्रत्येक कामाची ही तारीख जाहीर करावी. याला निधी लागत नाही, कागद बाहेर काढावे लागतात.

मळा आणि १८ जून मार्गावर दरवर्षी पाणी का भरतं?

पणजी दोन बाजूंनी पाण्याने वेढलेली आहे आणि मधे आल्तिनोची टेकडी आहे. टेकडीवरचं पाणी एका बाजूने १८ जून मार्गाकडे उतरतं, दुसऱ्या बाजूने मळा, फोंताईनासकडे. शहराचा बराच सखल भाग पूर्वीच्या दलदलीवर भराव टाकून उभा आहे. पाऊस जोराचा आणि त्याच वेळी मांडवीला भरती असली, तर गटारातलं पाणी नदीत जात नाही, उलट मागे येतं. ओहोटी लागेपर्यंत ते रस्त्यावरच राहतं. हे निसर्गाचं गणित आहे आणि ते कोणत्याही महापौराच्या काळात बदलणार नाही.

पण पाणी अर्धा तास राहायचं की चार तास, हे माणसांच्या हातात आहे. गटारं मेअखेरपर्यंत साफ झाली का? काढलेला गाळ काठावरच ठेवला आणि पहिल्या सरीत तो परत आत गेला का? पंप वेळेवर सुरू झाला का? भरतीचं पाणी गटारात शिरू नये म्हणून बसवलेल्या दरवाजांची कोणी पाहणी केली का? सांतइनेजचा नाला ताळगावच्या शेतांकडून येतो आणि कांपालजवळ मांडवीला मिळतो. वाटेत त्यात सांडपाणी सोडलं जातं, काठावर अतिक्रमणं होतात, त्याचं पात्र अरुंद होतं. नाल्याची मोठी कामं इतर खात्यांकडे असली, तरी त्यात कोणती इमारत सांडपाणी सोडते हे शोधून नोटीस काढण्यात महापालिकेला कोणी अडवलेलं नाही.

भरतीच्या वेळा वर्षभर आधी ठाऊक असतात. त्यामुळे "अचानक पाणी भरलं" हे उत्तर जुलै महिन्यात कोणीही देऊ नये. मळ्यातल्या म्हाताऱ्या बायका भरतीची वेळ बघून तळमजल्यावरचं सामान वर चढवतात. त्यांना जे कळतं ते नियंत्रण कक्षाला कळायलाच हवं.

कचऱ्याबाबत पणजीचं नाव चांगलं होतं ना? मग आता असं का?

होतं, आणि ते कष्टाने मिळवलेलं होतं. रस्त्यावरच्या मोठ्या कुंड्या काढून दारोदार कचरा गोळा करायची पद्धत पणजीने देशातल्या बऱ्याच शहरांच्या आधी आणली. पुढे सुक्या कचऱ्याची १६ प्रकारांत विभागणी सुरू झाली. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने कचरा हाताळणीत आळप्पुळ आणि म्हैसूर यांच्या जोडीने पणजीचं नाव घेतलं होतं. तेव्हा आम्हा पणजीकरांना अभिमान वाटला होता. आज कोपऱ्याकोपऱ्यावर काळ्या पिशव्या दिसतात तेव्हा म्हणूनच जास्त लागतं.

कारणं बरीच आहेत. हॉटेलं, पर्यटक, भाड्याने दिलेल्या खोल्या आणि बाहेरून गाडी थांबवून पिशवी भिरकावणारे लोक, सगळ्यांनीच यात भर घातली आहे. शहराकडे स्वतःचा मोठा प्रकल्प नाही. ओल्या कचऱ्यासाठी साळगावच्या सरकारी प्रकल्पावर अवलंबून राहावं लागतं, आणि जुन्या गोव्याजवळच्या बायंगिणीत प्रकल्प उभारायचा प्रस्ताव तिथल्या लोकांच्या विरोधामुळे वर्षानुवर्षं अडलेला आहे. बायंगिणीकरांचं म्हणणं आम्हाला समजतं. शहराचा कचरा आपल्या दारात कोणाला हवा असतो?

पण गाडी सकाळी कितीला येणार आणि न आल्यास कोणाला फोन करायचा, हे पूर्णपणे महापालिकेच्या हातात आहे. इथे महापौरांना कसलंच निमित्त नाही. आणखी एक गोष्ट लोक विचारत नाहीत, ती आम्ही विचारतो: हा कचरा हाताने वेगळा करणाऱ्या कामगारांना हातमोजे, बूट, रेनकोट पावसाआधी मिळाले का? रोजंदारीवरच्या कामगारांचा कायम होण्याचा प्रश्न वारंवार वर येतो आणि पुन्हा मागे पडतो. शहर स्वच्छ ठेवतात ते हेच लोक.

बाजारातला सोपो आणि पे पार्किंगचे पैसे जातात कुठे?

सोपो म्हणजे बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून जागेसाठी घेतली जाणारी फी. सोपो आणि पार्किंग, दोन्ही महापालिकेचं उत्पन्न आहे. वसुली ठेकेदारामार्फत असेल, तर ठेक्याची रक्कम आणि मंजूर दर मागा. पावती न देता कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मांडवीतल्या कॅसिनोंवर महापौर काही करू शकतात का?

परवाना देणं राज्याच्या गृह खात्याचं काम, १९७६ च्या जुगार कायद्यातल्या तरतुदीनुसार. जहाजं आणि धक्के बंदर कप्तान खात्याकडे. ती जहाजं नदीतून हलवायची की नाही, हे महापौर ठरवत नाहीत, आणि निवडणुकीत कोणी तसं वचन दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. काठावरची गर्दी, गाड्या, कचरा, व्यवसाय परवान्याचं शुल्क हे मात्र महापालिकेच्या कक्षेत येतं. कांपालपासून जुन्या सचिवालयापर्यंत रात्री काय चालतं ते रहिवाशांना विचारा.

"हे आमचं काम नाही" असं उत्तर मिळालं तर काय करायचं?

ते उत्तर लेखी मागा. बहुतेकदा इथेच निम्मं काम होतं, कारण लेखी द्यायचं म्हटलं की फाईल एकदा तरी उघडली जाते.

त्यानंतर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये. उत्तर ३० दिवसांत द्यावंच लागतं. मुदत टळली तर नंतर ती माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर नाही आलं किंवा अपुरं आलं, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील आणि त्यानंतरही समाधान झालं नाही तर ९० दिवसांच्या आत गोवा राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. या कायद्यातली दोन कलमं पणजीकरांनी पाठच करावीत. कलम ६(३): तुम्ही चुकीच्या कार्यालयात अर्ज केला असेल, तर तो योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत पाठवायची जबाबदारी त्या कार्यालयाची. एका दारातून दुसऱ्या दारात नागरिकाने हिंडायचं नाही, कागदाने हिंडायचं. आणि कलम २(ञ): तुम्ही चालू कामाची पाहणी करू शकता, कागदपत्रं बघू शकता, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागू शकता. रस्त्यावर टाकलेल्या डांबराचा नमुना मागितला जाईल हे ठाऊक असलं की ठेकेदाराचं वागणं बदलतं.

दाखला, परवाना यांसारख्या सेवांसाठी २०१३ चा कालबद्ध सेवा कायदा आहे. अधिसूचित सेवेला किती दिवस लागायला हवेत हे ठरलेलं असतं. अर्ज देताना पोच घ्यायला विसरू नका, दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

अर्जात एकच विषय लिहा. जागा, तारीख, जवळची खूण, फोटो. "शहराची दुर्दशा झाली आहे" असं लिहिलेल्या अर्जाचं उत्तर कोणी देऊ शकत नाही. "अमुक शाळेच्या फाटकासमोरचं गटाराचं झाकण तुटलं आहे" याचं द्यावं लागतं.

अर्ज मराठीत केला तर चालतो का?

१९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचा वापर सर्व शासकीय कामांसाठी करता येतो. मराठीत लिहा. "इंग्रजीत आणा" म्हणून कोणी आजोबांना परत पाठवत असेल, तर त्यांच्यासोबत जा आणि कायद्याचं नाव घ्या. लिहिताच येत नसेल, तर माहिती अधिकाराचा तोंडी अर्ज लिहून घ्यायला मदत करणं माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

पणजीत प्रभाग समित्या का नाहीत?

७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. पणजी त्यात बसत नाही. गोव्यातलं कोणतंच शहर बसत नाही. पंचायतीत राहणाऱ्या माणसाला ग्रामसभा आहे. तो उभा राहून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो, आणि गोव्यात ग्रामसभा किती तापतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. राजधानीत राहणाऱ्याला तशी जागाच नाही. शहरातला राग वाट मिळेल तिकडे का फुटतो, याचं मोठं कारण आम्हाला हेच वाटतं. कायदा सक्ती करत नाही, पण प्रभागात रहिवाशांची सभा घ्यायला मनाईही करत नाही. महापौरांनी मनात आणलं तर पुढच्या महिन्यात सुरू करता येईल.

आम्ही महापौरांना हटवू शकतो का?

नागरिकांना थेट परत बोलावण्याचा अधिकार नाही. अविश्वास ठराव आणायचा तो नगरसेवकांनी. राज्यातल्या नगरपालिकांत असे ठराव नवे नाहीत, पण बरेचसे गटातटाच्या हिशेबातून येतात, गटाराच्या नव्हे. तुमचा जोर तुमच्या नगरसेवकावर चालतो. प्रभाग लहान आहेत, मोजक्या मतांनी निकाल फिरतो. त्यामुळे एका इमारतीतली माणसं एकत्र येऊन नगरसेवकाकडे गेली तरी त्याला बसून ऐकावं लागतं.

म्हापसा, मडगावला महापौर नाहीत का?

नाहीत. गोव्यात महापालिका एकच, पणजीची. बाकी १३ नगरपालिका आहेत, त्यांना नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी असतात, आणि त्यांना १९६८ चा नगरपालिका कायदा लागू होतो. मडगावच्या सोनसोडोचा कचरा असो वा म्हापशाचा बाजार, माहिती अधिकाराची वाट तीच.

न्यायालयात जाऊन काही साधतं का?

कधी कधी खूप. २०२१ मध्ये पाच नगरपालिकांमधलं प्रभाग आरक्षण चुकीचं ठरवून उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आणि सरकारी पदावरची व्यक्ती राज्य निवडणूक आयुक्त असू शकत नाही असंही सांगितलं. ती लढाई साध्या स्थानिक माणसांनी सुरू केली होती. मात्र न्यायालयाला कागद लागतात. आधीचे अर्ज, पोच, अपिलं जपून ठेवली असतील तरच वकील काही करू शकतो.

नव्या महापौरांकडे आम्ही नेमकं काय मागावं?

भव्य काही नको. कचरागाडीचं प्रभागवार वेळापत्रक, फोन नंबरसह. एप्रिलमध्ये गटारसफाईच्या ठेक्यांची यादी आणि मेअखेर प्रत्येक गटारापुढे काम झाल्याची तारीख. महापालिकेच्या ताब्यातले रस्ते कोणते, याचा नकाशा. सभेचं इतिवृत्त संकेतस्थळावर, मराठी-कोकणीत. तिमाहीतून एकदा, बाजार बंद झाल्यावर नोकरदारांना येता येईल अशा वेळी, खुली बैठक, जिथे आयुक्तही बसलेले असतील आणि बांधकाम, वीज, पाणी खात्यांचे अभियंतेही बोलावलेले असतील. इतर खात्यांचे लोक आले नाहीत, तर कोण आलं नाही ते त्याच बैठकीत नाव घेऊन सांगावं.